लंकेतली वटपौर्णिमा

आमच्या धोंडाकाकीचे उपास सगळ्या मळ्यात प्रसिद्ध होते. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी हे बऱ्याच बायका धरतात. काकीचे उपास कॅलेंडरला विचारून येत नसत. मंगळवारी दुपारी, शनिवारी न्याहारीला, कधीही तिला उपास लागायचा आणि घरी पोचेपर्यंत सुटायचाही. धर्माजीकाका, म्हणजे माझा चुलता, तंबाखू मळत म्हणायचा, "तुझा देव लई सोयीचा हाय." काकी त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

हे उपास कुठे लागतात ते कळायला फार हुशारी नको होती. ते पारूबाईच्या दारात लागायचे.

पारूबाई बौद्धवस्तीतली. निरगुडसरच्या शिवारात कालव्याच्या खालच्या अंगाला तिचं रान आणि आमचं रान शेजारी शेजारी, मध्ये एक बांध. दोघी एकाच लगीनसराईत नव्या नवऱ्या होऊन आल्या आणि पहिल्याच हंगामात त्यांची सावड जमली. आज हिच्या कांद्याची लागण, उद्या तिच्या उसाची खुरपणी. पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, एकमेकींच्या रानात राबायचं. नवरे भांडले, पोरं भांडली, बांधावरून दोनदा मोजणीवाला येऊन गेला, सावड काही मोडली नाही. पारूबाईचा नवरा तुळशीदास गेला तेव्हा काकी आपलं घरदार सोडून तिच्या ओट्यावर बसून होती. ओट्यावरच मात्र. उंबरा ओलांडून आत गेली नाही आणि तिथलं पाणीही प्याली नाही. दुःखाच्या घरात असलं कोण बघत बसतंय.

रानात जेवायला बसल्या की काकीची चटणी पारूबाईच्या भाकरीवर जायची. पारूबाईचं पिठलं काकीच्या भाकरीवर कधी आलं नाही. रानात काकीचं पोट भरलेलं असायचं आणि पारूबाईच्या घरी तिला उपास असायचा. इकडे आमच्या ओट्यावरच्या कोनाड्यात पारूबाईचा कप होता. चहा झाला की ती तो स्वतःच विसळायची आणि स्वतःच पालथा घालून ठेवायची. काकी दुष्ट होती असं तिचा वैरीही म्हणणार नाही. "आमी काय तसलं पाळत न्हाई," असं ती कुणालाही छातीला हात लावून सांगायची, आणि मला वाटतं, तिला ते खरंच वाटायचं. हीच तर मोठी गंमत आहे आमच्या लोकांची.

पारूबाईचा मुलगा संघर्ष भोसरीला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याच्या ओळखीच्या काही कुटुंबांनी मिळून श्रीलंकेला जायचं ठरवलं. अनुराधापूर, मिहिंतले. सम्राट अशोकाचा मुलगा महेंद्र धम्म घेऊन तिथे गेला, मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन गेली आणि त्या फांदीचं झाड आजही उभं आहे, हे पारूबाई विहारात वर्षानुवर्षं ऐकत आली होती. ते झाड तिला डोळ्यांनी बघायचं होतं. संघर्षने विचारलं, सोबत खोलीत कोण हवं? मामी, मावशी, सून, सगळ्यांची नावं घेऊन झाली. पारूबाई म्हणाली, धोंडी येत असेल तर मी जाते, नाहीतर तुमचं तुम्ही जा.

काकीला आकाश ठेंगणं झालं. धर्माजीकाका म्हणाला, "लंकेला चाललीस, जाळून येऊ नगंस म्हंजी झालं." संघर्षने आधीच बजावलं होतं की तिकडे ऊन फार, अनवाणी चालायचं, जुनं शहर कोसभर पसरलेलं आणि मिहिंतलेचा तर सगळा डोंगरच चढायचा. काकीने ते उडवून लावलं. दोघी दरसाल लेण्याद्री चढायच्या. पारूबाई लेण्यांसाठी, काकी गणपतीसाठी, पायऱ्या त्याच. चढण आपल्याला कुणी शिकवायला नको, असं काकीचं म्हणणं होतं.

पुढचं सगळं मला काकीनेच सांगितलं. आल्यावर आम्ही कांदाचाळीतले सडके कांदे निवडत बसलो होतो, तेव्हा तिने एकदा सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कांद्याकडे बघून बोलत होती.

विमानातून उतरून त्या कोलंबोच्या जवळ कुठल्याशा हॉटेलात पोचल्या. जेवणाची वेळ टळून गेली होती. खोलीत पारूबाईने पिशवीतून डबा काढला. घरच्या भाकऱ्या, लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू. वर्तमानपत्र अंथरलं, दोन वाटे केले आणि म्हणाली, ये, बस. काकीला भूक अशी लागली होती की पोटात कावळे ओरडत होते. आणि तिच्या तोंडून निघालं, "आज माझा उपास हाय."

काकी मला म्हणाली की वार कुठला होता तेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. समुद्र ओलांडून आलो, पण तोंड आपलं निरगुडसरलाच राहिलं होतं.

पारूबाईला नवल वाटलं नाही. तिने काकीच्या वाटणीची भाकर परत डब्यात ठेवली आणि पिशवीच्या तळातून दुसरं पुडकं काढलं. राजगिऱ्याच्या वड्या, खजूर, बटाट्याच्या सळ्या, सगळं बंद पाकिटातलं, जुन्नरच्या बाजारातून आणलेलं.

"हे तुझ्यासाठी आनलंय," ती म्हणाली. "दुकानातलं हाय. माझा हात न्हाई लागलेला."

रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. एखाद्याला मधुमेह असतो म्हणून आपण बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवतो, तितक्या साधेपणाने म्हणाली. म्हणजे तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. ठाऊक होतं, आणि तिने बाजारात जाऊन त्याची सोय केली होती. काकीने ती वडी खाल्ली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, म्हणाली, पण खाल्ली. भूक होती ना.

दुसऱ्या दिवसापासून हॉटेलात दोघी एका टेबलावर जेवायच्या. हॉटेलाला जात नसते असं आमच्याकडे सगळेच मानतात. पण पारूबाईचा डबा परत उघडला गेला नाही.

अनुराधापूर बघून काकी चकित झाली हे मात्र खरं. तिला स्तूपांपेक्षा तळी आवडली. दोन हजार वर्षांमागच्या राजांनी बांध घालून अडवलेली तळी, आणि त्याच पाण्यावर आजही भात उभा. मंडळी फोटो काढत होती तेव्हा काकी बांधाच्या कडेला बसून चिखल बोटांत चोळून बघत होती आणि पाणी कुठून सोडतात, एकेका रानाची पाळी किती दिवसांनी येते, हे संघर्षला विचारत होती. त्या पांढऱ्याशुभ्र मोठ्या स्तूपाभोवती अनवाणी फिरताना फरशी तव्यासारखी तापलेली. दोघी एकमेकींचा हात धरून, पाय उचलत उचलत पळाल्या आणि सावलीत जाऊन पोरींसारख्या हसल्या. बोधिवृक्षापाशी पारूबाईला रडू आवरेना. झाड थकलेलं आहे, फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले आहेत. एवढ्या पिढ्यांत त्याला एक दिवस कुणी एकटं सोडलं नाही, पाणी घालायला रोज माणूस होतं, असं संघर्षने सांगितलं. काकीने पारूबाईचा दंड धरून ठेवला होता. तेवढा वेळ सगळं पहिल्यासारखं होतं, काकी म्हणाली.

मिहिंतलेला जायचं होतं पौर्णिमेला. ज्येष्ठातली पौर्णिमा तिकडे मोठा सण. महेंद्र ह्याच दिवशी त्या डोंगरावर राजाला भेटला म्हणतात. अख्खा देश पांढरे कपडे घालून निघतो. संघर्षने आदल्या दिवशी हे सांगितलं आणि काकीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्येष्ठातली पौर्णिमा म्हणजे वटपौर्णिमा. लग्न झाल्यापासून तिने हा उपास एकदाही चुकवला नव्हता. सात जन्म मागून घेण्याइतका धर्माजीकाका गुणी नाही, पण रीत ती रीत.

सकाळी पारूबाईने तिच्यासाठी ताटलीत इडल्यांसारखं काहीतरी आणून ठेवलं. काकीने ताटली सरकवली आणि म्हणाली, "मी न्हाई खात गं. आज खरा उपास हाय."

पारूबाईने तिच्याकडे बघितलं.

"आज खरा?" ती म्हणाली.

तेवढंच. मग खाली मान घालून तिने आपली न्याहारी संपवली. काकी मला म्हणाली, तोंडातून गेलेला शब्द पायलीभर सोनं दिलं तरी परत येत नाही. इतकी वर्षं खोटं बोलताना जीभ कधी अडखळली नव्हती. एक दिवस खरं बोलली आणि सगळं उघडं पडलं.

डोंगर लेण्याद्रीसारखा नव्हता. पायऱ्या रुंद, बसक्या, दोन्ही बाजूंना जुने चाफे, आणि माणसांची अशी दाटी की थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नव्हतं. ऊन डोक्यावर. लेण्याद्रीला पारूबाई दर टप्प्यावर काकीसाठी थांबते. इथे ती थांबली नाही. तिची पांढरी पाठ पुढे पुढे जात राहिली. राजगिऱ्याचं पाकीट तिच्याच पिशवीत होतं. उपासाला चालणारं एवढं एकच होतं आणि ते मागायचं तोंड काकीला राहिलं नव्हतं.

अर्ध्या वाटेवर एक मोठा सपाट टप्पा आहे. तिथे जुन्या काळच्या भिक्षूंच्या भोजनशाळेचे दगड उरले आहेत आणि दगडाची एक लांबलचक डोण आहे, आपल्याकडे विहिरीजवळ जनावरांना पाणी पाजायला असते तशी, पण त्याच्या कितीतरी पट मोठी. त्या डोणीजवळ काकीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती बसली ती आडवीच झाली.

शेजारी कुठल्यातरी खेड्यातलं एक कुटुंब चटई टाकून जेवत होतं. त्यातली म्हातारी उठली. तिने काकीचं डोकं मांडीवर घेतलं. सगळे पीत होते त्याच पेल्यातलं सरबत तिच्या ओठांना लावलं. मग आपल्या पानावरचा भात कालवला, घास केला आणि काकीच्या तोंडात घातला. काकीने तो गिळला आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं. वटपौर्णिमा मोडली, धर्माजीकाकाचे सात जन्म गेले, तिला काही सुचत नव्हतं. भाषा कळत नव्हती. म्हातारीच्या बोटांना चुलीच्या धुराचा वास होता, एवढं तिला आठवतं.

डोळे नीट उघडले तेव्हा पारूबाई समोर उभी होती. काकी मागे दिसेना म्हणून ती चढलेल्या पायऱ्या उतरून परत आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने पेला बघितला, पान बघितलं, म्हातारीचा खरकटा हात बघितला.

"हिला न्हाई इचारलंस, कोनाची म्हनून?"

आवाज चढवला नाही. चप्पल काढून मारली असती तर बरं वाटलं असतं, काकी म्हणाली. नेमका तेव्हाच संघर्ष आला आणि काकीला बरं वाटावं म्हणून त्या डोणीबद्दल सांगायला लागला: शेकडो भिक्षूंचा भात या एका डोणीत ओतला जायचा, राजघराण्यातून आलेला असो की झोपडीतून आलेला, सगळ्यांना यातूनच मिळायचं. पोरगा आपल्या भोळेपणाने सांगत होता. काकीच्या तोंडात अजून भाताची शितं होती.

पुढे दोघी वर गेल्या. शेवटच्या उभ्या खडकावर पारूबाईने तिचा हात धरला, कारण धरला नसता तर ती पडली असती. वरून रान दिसत होतं, तळी दिसत होती, लांब अनुराधापूरचे स्तूप दिसत होते. "दिसलं समदं," काकी मला म्हणाली, "पन बघितलं काय बी न्हाई."

हे सांगून झाल्यावर तिने हातातला कांदा टोपलीत टाकला, हात पुसले आणि मला म्हणाली, चल माझ्यासंगं. एकटीने जायची तिची छाती होत नव्हती.

पारूबाई गॅसजवळ बसून भाकरी थापत होती. काकी उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली, मग आत गेली आणि तिच्याशेजारी खाली बसली. मी दारातच उभा राहिलो. त्या घरात तिला बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"पारू, भाकर वाढ. भूक लागलीया."

पारूबाईने भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"न्हाई वाढत," ती म्हणाली.

तिने भाकरीची कड बोटांनी दाबली.

"हितं खाल्लंस की तू मोकळी हुशील. हितं तुला बघाया हाय कोन? तुझ्या घरी वाढ मला. आत. तुझ्या मानसांत."

तिने भाकर उलटली. काकीने गुडघ्यांवर हात टेकले. मग "वाढीन" म्हणाली आणि उठली.

काशी करून आलं की मावंदं घालतात, लोकांना जेवू घालतात. लंकेहून आल्यावर घालतात की नाही हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे कुणाला नाही म्हणता आलं नाही. काकीने भावकीला सांगावा धाडला, ओतूरहून सारजाआत्याला, म्हणजे धर्माजीकाकाच्या बहिणीला, बोलावून घेतलं. आणि सगळ्यांसमोर काकाला सांगितलं की पारू माजघरात पंगतीला बसणार आहे.

काका म्हणाला, "मंग त्यात काय? ती काय पयल्यांदा येतीया व्हय आपल्याकडं?"

"व्हय," काकी म्हणाली. "पयल्यांदाच."

काका तंबाखूची डबी शोधायला लागला. ती त्याच्या हातातच होती.

पारूबाई आली ती लंकेत नेसलेलं पांढरं पातळ नेसून. ओट्यावर थांबली नाही. सरळ आत आली आणि बायकांच्या पंगतीत मधल्या पाटावर बसली. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे अशा वेळी कुणी काही बोलत नसतं. उजवीकडची बाई पोराला बघून येते म्हणून उठली ती परत आली नाही. डावीकडच्या बाईला एकदम वाऱ्याच्या बाजूला बसावंसं वाटलं. सारजाआत्या म्हणाली, मी मागनं बसते, वाढायला कुणीतरी हवंच की. भरलेल्या पंगतीत पारूबाईच्या दोन्ही अंगांना दोन पाट रिकामे राहिले, पत्रावळींसकट. ती समोर बघत होती.

काकी वरणाचं भांडं घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा मी बघितला आणि मान फिरवली. लाजेने माणूस काळवंडतं म्हणतात ते मी तेव्हा बघितलं. तिला स्वतःचीच लाज वाटत होती आणि आता सगळ्या घराची वाटायला लागली होती. तिने भांडं खाली ठेवलं. पंगतीतून चालत गेली, डावीकडच्या रिकाम्या पाटावर बसली आणि सगळ्यांच्या देखत पारूबाईच्या पत्रावळीतला भात कालवून घास उचलला.

मला गहिवरून आलं. मनात म्हटलं, जिंकलीस काकी.

पारूबाईने तिचं मनगट धरलं आणि हात हळूच बाजूला केला.

"माझ्या पानातलं कशाला घेतीस?" ती म्हणाली. "तुझं घे की वाढून. मला पोटभर जेवू दे."

काकी घास हातात धरून तशीच बसली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. मग मुकाट्याने तो घास तोंडात घातला, आपल्या पुढ्यातली पत्रावळ सरळ केली आणि सारजाआत्याला म्हणाली, मला वाढा. आत्याने वाढलं. काकी मान खाली घालून जेवायला लागली. उजवीकडचा पाट शेवटपर्यंत तसाच राहिला.

पारूबाई सावकाश जेवत होती. वरणभात झाला, पोळी झाली, भाजी तिने दोनदा घेतली. मग मान वर करून सारजाआत्याकडे भात मागितला. आत्याने इकडेतिकडे बघितलं. वाढायला दुसरं कुणी जवळ नव्हतं. ती पातेलं घेऊन आली, पारूबाईपुढे वाकली आणि वाढायला लागली. पत्रावळीवर भाताचा ढीग होत गेला, आत्याची कंबर वाकलेली राहिली, आणि पारूबाई काही पुरे म्हणाली नाही.